दोन दांडकी आणि एक सांधा

गेल्या सेमिस्टरला आमच्या होस्टेलवर अचानक रूम चेकिंग झालं. म्हणजे नेहमीसारखंच! कुणीतरी जिन्यातून ओरडलं, "मॅडम आल्या गं!" आणि तिन्ही मजल्यांवर एकच पळापळ. तरीही रेक्टर मॅडमच्या हाती बरंच काही लागलं. दोन कॉइल, एक इस्त्री, एक इलेक्ट्रिक किटली (जिच्यात अर्ध्या विंगची मॅगी व्हायची, देव तिच्या आत्म्याला शांती देवो) आणि माझ्या रूममेटचा नानचाकू.

कॉइल आणि किटलीबद्दल कुणी ब्र काढला नाही. गुन्हा मान्य! पण नानचाकूवरून वाद झाला. मॅडम म्हणाल्या, "हे शस्त्र आहे, होस्टेलमध्ये चालणार नाही." माझी रूममेट शाळेपासून कराटे शिकलेली. तिने लगेच उत्तर दिलं, "मॅडम, हे शस्त्र नाहीच मुळी. हे शेतीचं अवजार आहे. जपानमधले गरीब शेतकरी याने भात झोडायचे." मॅडम दोन सेकंद गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "असं असेल तर लेखी अर्ज द्या. मी कमिटीपुढे ठेवते."

अर्ज लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण मी कॉन्व्हेंटची. आमच्या होस्टेलवर असा एक समज आहे की कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला बाकी काही येवो न येवो, अर्ज झकास लिहिता येतो. (मराठीचं विचारू नका. या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने तपासलेत, त्यामुळे चुका त्यांच्या!) मी बसले, पहिला पॅराग्राफ लिहिला आणि अडकले. "हे मूळचे शेतीचे अवजार असून..." असं लिहिलं खरं, पण कमिटीत आमच्याच डिपार्टमेंटचे सर आहेत. त्यांनी विचारलं, "मूळचं म्हणजे कसं? दाखव," तर? म्हणून थोडं वाचलं, थोडं मोजमाप केलं आणि लक्षात आलं की आपण कमिटीच्या डोळ्यात चक्क धूळ टाकतोय.

हा लेख त्या अडकलेल्या अर्जाबद्दल आहे. विषय दोन दांडक्यांचा आहे, पण मला तरी तो आपल्या सगळ्यांचा वाटतो.

आधी ज्याच्या नावाने आम्ही दावा ठोकला होता ते अवजार बघू. त्याला इंग्रजीत फ्लेल म्हणतात. युरोपात कित्येक शतकं गहू, बार्ली, ओट्स याच्यानेच झोडले जायचे. एक लांब दांडा, साधारण दीड मीटरचा, म्हणजे उभ्या माणसाच्या खांद्याला लागेल एवढा. त्याच्या टोकाला चामड्याच्या पट्टीने बांधलेलं दुसरं दांडकं, पहिल्यापेक्षा आखूड, पण जाड आणि कठीण लाकडाचं. दोन्ही हातांनी लांब दांडा धरायचा, डोक्यावरून फिरवायचा आणि आखूड दांडकं जमिनीवर पसरलेल्या कणसांवर आपटायचं. बस्स, एवढंच.

आता मेकॅनिकलवाल्यांनी (आणि एफ.ई.ला मेकॅनिक्समध्ये केटी लागलेल्यांनी तर नक्कीच) विचार करा, मध्ये सांधा कशाला हवा? सरळ लांब काठीने झोडलं तर काय बिघडलं? बिघडतं असं, की उभं राहून सरळ काठी मारली तर ती तिरकी पडते आणि फक्त तिचं टोक लागतं. टोकाखालचा दाणा फुटतो, बाकीची कणसं तशीच राहतात. काठी आडवी पाडायची तर आपल्याला कमरेत पार वाकावं लागतं. सांधा असला की माणूस ताठ उभा राहतो आणि पुढचं दांडकं अख्खंच्या अख्खं जमिनीवर आडवं पडतं. मार सगळ्या लांबीवर वाटला जातो. वर पुन्हा आपण घोकलेलं ते वाक्य, की पिन जॉइंट फोर्स पुढे देतो, मोमेंट देत नाही. म्हणजे दांडकं जमिनीवर आदळल्याचा झटका तेवढा मनगटात येत नाही. हिवाळाभर रोज हेच काम करणाऱ्याच्या दृष्टीने हा किती मोठा फायदा आहे! थोडक्यात काय, फ्लेलचा सांधा दाणा आणि पाठ, दोन्ही वाचवण्यासाठी आहे.

आता नानचाकू बघा. दोन्ही दांडकी सारख्या लांबीची, प्रत्येकी साधारण तीस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या ड्रॉइंगच्या स्केलएवढी. मध्ये दोरी किंवा साखळी. एक दांडकं हातात, दुसरं हवेत. लांबी सारखी असल्यामुळे कुठलंही टोक पकडता येतं. उजव्या हातातून सोडायचं, पाठीमागून डाव्या हातात घ्यायचं, हीच तर सगळी गंमत. फ्लेलमध्ये हे शक्यच नाही. तिथे कुठली बाजू हाताची आणि कुठली कामाची हे ठरलेलं असतं.

मी एक ढोबळ हिशोब केला. धरलेला हात जागेवर स्थिर आहे असं समजू. बाहेरच्या दांडक्याची लांबी आणि दोरी मिळून त्रिज्या ०.४ मीटर. सेकंदाला चार फेरे धरले तर टोकाचा वेग येतो सुमारे १० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. आणि हा वेग लागतो कुठे? आखूड लाकडाच्या टोकाला, बोटभर जागेत. फ्लेल मार पसरवतं, नानचाकू मार एका ठिकाणी आणतो. एकाला दाणा न फोडता मोकळा करायचाय, दुसऱ्याला सरळ फोडायचंय. सांधा दोन्हीकडे आहे, पण कामं एकदम उलटी!

अजून एक फरक. नानचाकूने आपण दोन दांडक्यांच्या मध्ये समोरच्याचं मनगट पकडून दाबू शकतो. आजीचा अडकित्ता आठवा. एका टोकाला सांधा, मध्ये सुपारी, दुसऱ्या टोकाला आपली मूठ. अगदी तसंच. अमेरिकेत काही पोलिसांनी १९८०च्या दशकात नानचाकू वापरला तो मुख्यतः असाच, हातपाय जखडण्यासाठी. कॅलिफोर्नियातल्या अँडरसन गावच्या पोलिसांनी तर २०१५ मध्ये तो पुन्हा घेतला. फ्लेलने हे करून दाखवा बघू. लांबीच जुळत नाही.

इथपर्यंत आल्यावर मी रूममेटला विचारलं, "तू तर शेतकऱ्याच्या घरची. खरं सांग, याने भात झोडता येईल?" तिने हवेत एकदा हात फिरवून पाहिला आणि हसत सुटली. "अगं, याने झोडायचं तर मांडी घालून बसावं लागेल! आणि भाताआधी स्वतःचे गुडघे झोडले जातील."

तिच्या गावी पूर्वी ज्वारीची मळणी खळ्यावर व्हायची. मध्ये तिवडा रोवायचा आणि त्याभोवती बैल फिरवायचे. घरापुरती तूर नाहीतर हरभरा असला तर साध्या काठीने बडवायचा. कोकणातल्या मुली सांगतात की तिकडे भाताची पेंढी उचलून फळीवर नाहीतर दगडावर झोडतात. म्हणजे सांध्याचं दांडकं आमच्यापैकी कुणाच्याच घरी नव्हतं. कदाचित म्हणूनच ती जपानची गोष्ट आम्हाला इतक्या सहज पटली. पाहिलेलं असतं तर पहिल्याच दिवशी हसलो असतो.

मग जपानमध्ये काय होतं? तिथे खरोखरच सांध्याचं झोडायचं अवजार होतं, त्याचं नाव काराझाओ. लांब बांबूच्या टोकाला आडवी खुंटी आणि त्या खुंटीभोवती गोल फिरणारं दांडकं. ते गहू, बार्ली, कडधान्यं यांच्यासाठी जास्त वापरायचे. भातासाठी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून सेंबाकोकी नावाचा मोठा फणी होता. त्याच्या दातांमधून लोंब्या ओढून दाणे काढायचे. काराझाओचा सांधा नीट बघण्यासारखा आहे. खुंटीभोवती दांडकं एकाच प्लेनमध्ये फिरतं, इकडे-तिकडे हलायला वावच नाही. आपल्या भाषेत वन डिग्री ऑफ फ्रीडम. काम करणाऱ्याला हेच हवं असतं, की दरवेळी मार तिथेच पडावा. नानचाकूची दोरी मात्र कुठल्याही दिशेला वळते. समोरच्याला अंदाज येत नाही, हा तिचा फायदा. शिकणाऱ्यालाही येत नाही, हा तोटा! माझ्या रूममेटचं डावं कोपर याला साक्षी आहे.

आणि ती गरीब शेतकऱ्यांची गोष्ट? ती साधारण अशी सांगतात. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी ओकिनावा जिंकलं, लोकांची शस्त्रं काढून घेतली, मग बिचाऱ्या शेतकऱ्यांनी घरातली अवजारं उचलली आणि सामुरायांशी लढले. त्यातलं १६०९चं आक्रमण खरं आहे. पण अभ्यासकांना पुढची गोष्ट पटत नाही, कारण ओकिनावाच्या शस्त्रविद्येची जी परंपरा माहीत आहे ती बरीचशी पेचिन नावाच्या वर्गाकडून आलेली आहे. हे लोक राजदरबारी नोकरी करणारे, मानाचे. शेतकरी नव्हेत. नानचाकू नेमका कशापासून आला यावरही एकमत नाही. कुणी झोडायचं दांडकं म्हणतं, कुणी घोड्याच्या लगामाचा लाकडी भाग म्हणतं. मग सगळ्या जगाला शेतकऱ्याचीच गोष्ट का आवडली? माझ्या मते कारण सोपं आहे. ब्रूस लीचा 'फिस्ट ऑफ फ्युरी' १९७२ला आला, 'एंटर द ड्रॅगन' १९७३ला. पोरं वेडी झाली. आणि पोराच्या हातातली वस्तू आईबापाला पटवायची तर 'गरीब शेतकऱ्याचं अवजार' यापेक्षा चांगलं कारण कुठलं? आम्हीही मॅडमना तेच सांगितलं की!

गंमत म्हणजे अवजाराचं हत्यार झाल्याची खरीखुरी गोष्ट ज्यांना हवी आहे, त्यांनी फ्लेलकडे बघावं. १४१९ ते १४३४ या काळात बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, हुसाईट लोकांची युद्धं झाली. यान झिझ्का हा त्यांचा सेनापती. त्याच्या फौजेत शेतकरी होते आणि त्यांनी घरचीच फ्लेल आणली होती, पुढच्या दांडक्याला लोखंडी पट्ट्या आणि खिळे ठोकून. गाड्या एकमेकींना बांधून भिंत करायची आणि त्यामागून चिलखतवाल्या सरदारांना झोडायचं. लांब दांड्यामुळे घोडेस्वारापर्यंत पोचता यायचं आणि सांध्यामुळे दांडकं ढालीच्या वरून पलीकडे पडायचं. कोरियातही असंच एक लांब-आखूड जोडीचं शस्त्र होतं, प्योंगॉन. १७९०च्या त्यांच्या सरकारी युद्धविद्येच्या ग्रंथात ते पायी आणि घोड्यावरून कसं वापरायचं याचे धडे आहेत. या दोन्हीकडे दांडा लांब आणि दांडकं आखूड हे प्रमाण कायम आहे. वस्तू बघून आजही ओळखता येतं की ही खळ्यावरून आली. नानचाकू बघून ते ओळखता येत नाही.

आणि एक गोष्ट, जी अर्जात बसत नव्हती पण मला सोडवत नाही. फ्लेलवरून सगळ्यात मोठा दंगा झाला तो कुठल्याही युद्धात नाही. १७८६च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये अँड्र्यू मिकल याने मळणी यंत्र बनवलं. मस्त मशीन, आपल्या वर्कशॉपला शोभेल असं. पण इंग्लंडच्या दक्षिण भागात शेतमजुराला हिवाळ्यात दुसरं काम नसायचं. फ्लेलने धान्य झोडायचं, त्यावर थंडीचे महिने काढायचे. यंत्र आलं आणि ते काम गेलं. १८३० मध्ये केंटपासून सुरुवात करून मजुरांनी गावोगाव ही यंत्रं फोडली. पुढे खटले चालले, १९ जणांना फाशी झाली आणि सुमारे ५०० जणांना ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत पाठवायची शिक्षा झाली. त्यांनी फ्लेल उगारलं नव्हतं, ते हातातून जाऊ नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं. गरीब शेतकऱ्याच्या नावावर आपण नानचाकू खपवतो, पण त्या शेतकऱ्याच्या खऱ्या अवजाराचं काय झालं हे विचारत नाही. उद्या मशीन डिझाइन करणाऱ्या आपण लोकांनी तरी ते विचारायला हवं, असं मला वाटतं. (माझ्या रूममेटचे बाबा म्हणतात, भाड्याने थ्रेशर येतो ते बरंच आहे, बैलांमागे कोण फिरणार? तेही खरंच. पण त्यांच्याकडे निदान जमीन आहे.)

असो. मूळ मुद्द्यावर येते.

एफ.ई.ला वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी तिथले काका म्हणाले, "हत्यारं जागेवर ठेवा." मी दचकलेच! माझ्या कॉन्व्हेंटी मराठीत हत्यार म्हणजे तलवार-बंदूक. नंतर कळलं की मराठीत सुताराची, लोहाराची अवजारं पण हत्यारंच. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतात त्याच दिवशी आपल्या वर्कशॉपमध्ये लेथला आणि हातोडीला हार घालतात. आपल्या भाषेने दोघांना एकच नाव दिलंय. याचा अर्थ फरकच नाही असा नाही. याचा अर्थ असा की नाव बघून फरक कळत नाही, वस्तू हातात घेऊन बघावी लागते. लांबी किती, सांधा कसा, मार कुठे पडतो.

म्हणून माझं मत सांगते, रूममेट रागावली तरी. नानचाकू हे शस्त्र आहे. सरावाचं, खेळाचं, मेहनतीचं, पण शस्त्रच. ते शेतीचं अवजार म्हणून सोडवून घेणं म्हणजे दुसऱ्याचं आय-कार्ड दाखवून मेसमध्ये जेवण्यासारखं आहे. रेक्टर मॅडमचं तेवढं बरोबर होतं.

पण आता थोडं मॅडमना आणि कमिटीलाही. फक्त नाव ऐकून बंदी घातली की प्रश्न सुटत नाही. न्यूयॉर्क राज्याने १९७४ मध्ये नानचाकू घरात बाळगण्यावरसुद्धा बंदी घातली होती, ती शेवटी डिसेंबर २०१८ मध्ये कोर्टाने रद्द केली. तेवढ्या वर्षांत कराटे शिकणाऱ्या कितीतरी साध्या मुलांना तो लपवूनच ठेवावा लागला असेल. आपल्याकडेही लपवालपवीच होते. आमच्याच मजल्यावर टूल-किटमधला हातोडा आहे, ड्राफ्टरचा जाड पाइप आहे, हॉकी स्टिक आहेत. त्यांना कुणी हात लावला नाही, आणि लावूही नये. पण मग नियम कशाचा आहे? वस्तूचा, की ती कुठे आणि कशी वापरायची याचा? माझी सूचना साधी आहे. होस्टेलच्या ऑफिसात एक रजिस्टर ठेवा. ज्याच्याकडे सरावाचं असं काही आहे त्याने ते नाव-गाव लिहून जमा करावं, संध्याकाळी जिमखान्यात घेऊन जावं, परत आणून द्यावं. रूममध्ये अजिबात नको. दोन बेडच्या मधल्या जागेत ताशी ३६ किलोमीटरने फिरणारं लाकूड मलाही नकोय, मी तिथेच झोपते!

अर्ज मी परत लिहिला. शेतकरी, भात, जपान सगळं काढून टाकलं. पहिलंच वाक्य ठेवलं, "नानचाकू हे शस्त्र आहे हे आम्हाला मान्य आहे." रूममेटने वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणाली, "तू माझ्या बाजूने आहेस की मॅडमच्या?" मी म्हटलं, "तुझ्याच. पण सरांनी विचारलं असतं, की बाई गं, मांडी घालून भात झोडून दाखव, तर काय केलं असतंस?" तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून सही केली.

अर्ज कमिटीकडे आहे. नानचाकू ऑफिसच्या कपाटात, दोन कॉइल आणि त्या किटलीच्या शेजारी. सही करताना रूममेटने खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली, आणि संपूर्ण अर्जात तेवढी एकच ओळ मला माझ्या इंग्रजीपेक्षा भारी वाटली: "आजवर याने फक्त मलाच लागलेले आहे, ते सुद्धा दोनदा."